कायदा तोच होता, मग बदललं काय?

प्रति,
महाराष्ट्रातल्या तालुका आणि जिल्हा न्यायालयांतील सन्माननीय दिवाणी न्यायाधीश,

सविनय नमस्कार.

11 ऑगस्ट 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाचा 'विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा' हा निकाल आला. टाळेबंदीमुळे कोर्टं तेव्हा अर्धवटच चालू होती आणि मी घरी होते. निकाल मोबाइलवर वाचून झाल्यावर मी माझ्या एका जुन्या पक्षकार बाईंना फोन केला. साठी ओलांडलेल्या, दोन भावांच्या थोरल्या बहीण. त्यांचा वाटपाचा दावा मी चालवला होता आणि दोन वर्षांपूर्वी अपिलात तडजोड पुरसिस, म्हणजे दोन्ही बाजूंचं लेखी निवेदन, देऊन तो मिटला होता. मी म्हटलं, आक्का, वडील 2005 च्या आधी वारले असले तरी मुलीला मुलाइतकाच हिस्सा, असा आज दिल्लीत निकाल झाला. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे कायदा बदलला का?" मी म्हटलं, नाही, कायदा तोच, 2005 चा. "कलम बदललं?" नाही, तेही तेच. "मग बदललं काय, वकीलबाई?"

फोनवर मला त्याचं धड उत्तर देता आलं नाही. सत्तावीस वर्षं तालुक्याच्या कोर्टात दिवाणी बाजूला वकिली करून देता आलं नाही, याची मला आजही बोच आहे. ते उत्तर मी या पत्रात देणार आहे. आणि अशी उत्तरं तुमच्या निकालपत्रांत लिहिलेली असावीत, ही माझी तुमच्याकडे मागणी आहे.

आधी दाव्याची हकीकत सांगते, कारण हकीकतीशिवाय निकाल वाचू नये हेच मला पुढे म्हणायचं आहे. बारा एकर वडिलोपार्जित जमीन, सातबाऱ्यावर एकत्र कुटुंबाचे पुढारी म्हणून वडिलांचं नाव. आई आधीच गेलेली. दोन मुलगे, दोन मुली, दोघींची लग्नं ऐंशीच्या दशकात झालेली. वडील 2003 साली वारले. वारस नोंद झाल्यावर भावांनी बहिणींकडे हक्कसोडपत्र मागितलं. धाकटीने माहेर तुटायला नको म्हणून सही करून दिली. आक्कांनी दिली नाही.

हिंदू उत्तराधिकार कायदा, 1956 च्या जुन्या, म्हणजे 2005 च्या सुधारणेआधीच्या, कलम 6 प्रमाणे हिशेब असा होता: वडील वारले त्याच्या क्षणभर आधी वाटणी झाली असं समजायचं. त्या मानलेल्या वाटणीत वडील आणि दोन मुलगे असे तिघे, प्रत्येकी चार एकर. मग वडिलांचे चार एकर चारही लेकरांत, प्रत्येकी एक. म्हणजे मुलींना एकेक एकर आणि मुलांना पाच-पाच. 2005 च्या सुधारणेप्रमाणे मुलगी जन्मानेच मुलाइतकी वाटेकरी धरली, तर चौघांना तीन-तीन एकर. कलमाचा अर्थ कसा लावायचा, एवढ्या एका गोष्टीवर आक्कांचे दोन एकर अडकले होते.

दावा दाखल झाला 2011 मध्ये. 2014 साली मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने बद्रीनारायण भंडारी प्रकरणात सांगितलं, की मुलगी कधी जन्मली याला महत्त्व नाही, 9 सप्टेंबर 2005 रोजी, म्हणजे सुधारणा लागू झाली त्या दिवशी, ती हयात असली म्हणजे झालं. आम्ही निर्धास्त झालो. पुरावा संपत आला आणि ऑक्टोबर 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा 'प्रकाश विरुद्ध फुलवती' आला. वडील त्या तारखेला हयात नसतील तर मुलीला सुधारणेचा लाभ नाही, असं त्यात ठरलं होतं. भावांच्या वकिलांनी तो युक्तिवादाच्या दिवशी यादीसोबत दाखल केला. 2016 च्या निकालपत्रात त्याच्या हेडनोटमधल्या, म्हणजे निकालाच्या वर छापलेल्या सारांशातल्या, चार ओळी जशाच्या तशा उतरवल्या होत्या आणि खाली एक वाक्य होतं: "सबब वादी हिला सुधारित कलम 6 चा लाभ देता येत नाही."

त्या न्यायाधीशांनी चूक केली असं मी म्हणत नाही. संविधानाच्या अनुच्छेद 141 प्रमाणे सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेला कायदा देशातल्या सगळ्या न्यायालयांवर बंधनकारक आहे. पूर्णपीठाचा निकाल हाती असला तरी त्यांना दुसरा रस्ता नव्हता. आणि हे बंधन असायलाच हवं, असं माझं ठाम मत आहे. सारख्याच हकीकतीत हातकणंगल्याच्या कोर्टात मुलीला तीन एकर आणि हदगावच्या कोर्टात एक एकर, असं नुसते न्यायाधीश वेगळे म्हणून व्हायला लागलं तर कोर्टाची पायरी चढणारा माणूस नशिबाच्या भरवशावर चढेल. मोठा वकील परवडत नाही अशा पक्षकारालाही पूर्वनिर्णयामुळे म्हणता येतं, की साहेब, असाच दावा अमुक साली असा ठरला आहे, माझाही तसाच ठरवा.

माझं दुखणं निकालपत्राच्या त्या पानाशी आहे. फुलवतीचा खटला काय होता, तिचे वडील कधी वारले होते, कलमातल्या कोणत्या शब्दांवरून न्यायालय त्या अर्थाला पोहोचलं, आक्कांची हकीकत त्याच्याशी कुठे जुळते, यातलं एक अक्षर तिथे नव्हतं. आक्कांना कळलं ते इतकंच, की दिल्लीहून काहीतरी आलं आणि आपले दोन एकर गेले.

आता कलम वाचू. 9 सप्टेंबर 2005 पासून लागू झालेलं सुधारित कलम 6 सांगतं, की या सुधारणेच्या प्रारंभापासून, मिताक्षरा कायद्याखालच्या एकत्र हिंदू कुटुंबात, सहदायादाची मुलगी जन्मानेच, मुलाप्रमाणेच, स्वतःच्या हक्काने सहदायाद होईल. सहदायाद म्हणजे वडिलोपार्जित मिळकतीत जन्मापासूनचा वाटेकरी. वडील त्या तारखेला हयात असले पाहिजेत, असे शब्द कलमात कुठेही नाहीत. संसदेला जे वगळायचं होतं ते तिने नाव घेऊन वगळलं. 20 डिसेंबर 2004 च्या आधी झालेली खरेदीखतं, वाटण्या, मृत्युपत्रं यांना धक्का लागणार नाही, असं लिहिलं. ती तारीखही वाऱ्यावरची नाही, त्या दिवशी विधेयक राज्यसभेत मांडलं गेलं होतं. वाटणी म्हणजे नोंदणीकृत वाटणीपत्र किंवा कोर्टाचा हुकूमनामा, तेही लिहिलं. इतकं मोजूनमापून लिहिणारी संसद वडिलांच्या हयातीची अट तेवढी लिहायला विसरली, असं मानायला मन धजत नाही.

याच्याशी आपल्याच विधिमंडळाची 1994 ची सुधारणा ताडून पाहा. महाराष्ट्राने केंद्राच्या अकरा वर्षं आधी मुलींना सहदायाद केलं, पण 22 जून 1994 च्या आधी लग्न झालेल्या मुलींना स्पष्ट शब्दांत वगळलं. एकाच घरातली, त्या वर्षी मे महिन्यात लग्न झालेली थोरली बाहेर आणि डिसेंबरात लग्न झालेली धाकटी आत, असे दावे मी चालवले आहेत. थोरलीला समजावून सांगताना जीव कासावीस व्हायचा. तरीही न्यायाधीशांनी तिची दया येऊन कलमातले ते शब्द गाळावेत, असा युक्तिवाद मी कधी केला नाही. कलम कठोर होतं पण स्वच्छ होतं, आणि ते बदलायचं काम विधिमंडळाचं किंवा संसदेचं होतं. कलमातला शब्द गाळायचा न्यायाधीशाला अधिकार नाही, तसा नसलेला घालायचाही नाही.

फुलवतीचा निकाल मग आला कसा? दावा बेळगावचा, 1992 चा. वडील 18 फेब्रुवारी 1988 रोजी वारलेले. दावा चालू असतानाच 2005 ची सुधारणा आली आणि कर्नाटक उच्च न्यायालयाने मुलीला तिचा लाभ दिला. सर्वोच्च न्यायालयात दोन न्यायमूर्तींच्या पीठाने तो काढून घेतला. कलमात 'प्रारंभापासून' असं म्हटलं आहे म्हणजे सुधारणा पुढच्या काळासाठी, आणि वडील वारले त्या दिवशीच जुन्या कलमाप्रमाणे हिस्से ठरून गेले, असा त्यामागचा विचार होता. हा विचार उथळ नव्हता. ठरून गेलेला हक्क मागे जाऊन हिरावू नये, हे कायद्यातलं जुनं आणि चांगलं तत्त्व आहे. मी भावांची वकील असते तर तोच युक्तिवाद केला असता.

पण त्या निकालातून एक सूत्र बाहेर पडलं: सुधारणेच्या तारखेला हयात असलेल्या सहदायादाची हयात मुलगी. सूत्र छोटं, तोंडपाठ होणारं, हेडनोटमध्ये सहज मावणारं. बघता बघता ते कलमाच्या जागी जाऊन बसलं. त्यानंतरची काही वर्षं मी जे युक्तिवाद ऐकले ते सगळे 'वडील कधी वारले?' या एका प्रश्नाभोवती फिरायचे. कलम 6 चं पान कुणी उघडताना दिसत नव्हतं. मीही उघडत नव्हते. सर्वोच्च न्यायालयानेच 1968 साली ओरिसाच्या एका प्रकरणात बजावलं होतं, की निकाल बांधतो तो त्याच्या गाभ्यापुरता, त्यातलं प्रत्येक वाक्य म्हणजे कायदा नव्हे, आणि इथून-तिथून वाक्यं उचलून त्यावर इमारत रचू नये. आम्ही वकिलांनी नेमकं तेच केलं, आणि निकालपत्रांनी आमची वाक्यं उतरवून घेतली.

मग 1 फेब्रुवारी 2018 रोजी 'दानम्मा विरुद्ध अमर' आला. या निकालापाशी मला थोडं थांबायचं आहे, कारण सूत्र शोधणाऱ्याची इथे पुरती पंचाईत होते. वडील 2001 मध्ये वारलेले, दावा 2002 चा. मुली 1956 च्या कायद्याआधी जन्मल्या म्हणून खालच्या कोर्टाने त्यांना हिस्सा नाकारला होता. सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींच्या पीठाने दोघींना प्रत्येकी एक-पंचमांश हिस्सा दिला. फुलवतीच्या सूत्राप्रमाणे त्यांना तो मिळायला नको होता, कारण वडील 2005 ला हयात नव्हते. आणि तरीही या पीठाने फुलवतीचा निकाल चूक म्हटला नाही, उलट त्याचा आधार घेतला. आता सांगा, दानम्माचं बंधन कशाचं? त्यात उद्धृत केलेल्या तत्त्वाचं, की त्या हकीकतीवर दिलेल्या हिश्श्याचं?

दोन्ही पीठं दोन-दोन न्यायमूर्तींची. सारख्या संख्येच्या पीठाने आधीच्या पीठाचं मानावं, न पटलं तर प्रकरण मोठ्या पीठाकडे जावं, हा शिरस्ता 2004 च्या दाऊदी बोहरा प्रकरणात आणि पुन्हा 2017 च्या प्रणय सेठी प्रकरणात संविधान पीठांनी सांगितलेला आहे. त्या हिशेबाने फुलवती वरचढ. पण नंतरचा निकाल ताजा म्हणून दानम्मा धरणारी कोर्टंही मी पाहिली. एकाच जिल्ह्यात, एकाच महिन्यात, दोन दालनांत दोन हिशेब. फेब्रुवारी 2018 ते ऑगस्ट 2020 असा हा अडीच वर्षांचा काळ होता.

आक्कांचं अपील त्याच काळात जिल्हा कोर्टात पडून होतं. भावांचे वकील फुलवती म्हणायचे, मी दानम्मा म्हणायचे, आणि तारखांवर तारखा पडत होत्या. त्यात आक्कांच्या यजमानांचं आजारपण निघालं. पैशाची गरज होती. एका एकराची किंमत घेऊन त्यांनी तडजोड केली, मीच पुरसिस लिहून दिली. स्वखुशीने केलेल्या तडजोडीचा हुकूमनामा नंतरच्या निकालाने उघडत नाही. 2020 चा निकाल आक्कांच्या उपयोगाचा नव्हता, आणि फोन करताना हे मला माहीत होतं.

विनीता शर्मांचे वडील डिसेंबर 1999 मध्ये वारलेले. दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांच्या विरुद्ध निकाल दिला होता. सर्वोच्च न्यायालयात तीन न्यायमूर्तींचं पीठ बसलं, फुलवतीचा निकाल रद्दबातल ठरवला आणि दानम्मातला त्याच्याशी जुळणारा भागही. ते हे कशाच्या जोरावर करू शकले, ते मात्र प्रत्येक मराठी घरात कळायला हवं, कारण ती आपल्याच धर्मशास्त्राची भाषा आहे. विज्ञानेश्वराच्या मिताक्षरा या धर्मशास्त्राच्या ग्रंथात दाय, म्हणजे वारसा, दोन प्रकारचा सांगितला आहे. सप्रतिबंध दाय म्हणजे मालक जिवंत असेतो ज्याला अडसर असतो तो, त्याच्या मृत्यूनंतरच मिळणारा. अप्रतिबंध दाय म्हणजे जन्माबरोबर मिळणारा, बाप जिवंत असो वा नसो. मुलाचा वडिलोपार्जित मिळकतीतला हक्क हा अप्रतिबंध दाय. 2005 च्या कलमाने मुलीला हक्क दिला तो 'जन्मानेच' आणि 'मुलाप्रमाणेच'. जो हक्क जन्मापासून येतो, तो बापाच्या मृत्यूच्या तारखेला कसा टांगून ठेवणार?

आक्का, बदललं ते हे. 'जन्मानेच' हा शब्द 2005 पासून कलमात बसून होता. 2015 मध्ये न्यायालयाने 'प्रारंभापासून' या शब्दावर भार दिला आणि 2020 मध्ये मोठ्या पीठाने 'जन्मानेच' या शब्दाला त्याचं पूर्ण वजन दिलं. तुमच्या निकालपत्रात हे दोन शब्द शेजारी शेजारी लिहिलेले असते, तर अपिलाचं बळ कशात आहे हे तुम्हाला कळलं असतं. कदाचित तुम्ही तरीही तडजोडच केली असती. पण काय सोडतोय हे माहीत असून केली असती.

तुमच्यातले कुणी म्हणतील, हे वरच्या न्यायालयांचं झालं, तालुक्याच्या न्यायाधीशाच्या हातात काय आहे? म्हणून सांगलीची एक जुनी गोष्ट काढते. खंडाप्पा मगदूम 1960 च्या जानेवारीत वारले. मागे पत्नी हिराबाई, दोन मुलगे, तीन मुली. हिराबाईंनी सांगलीच्या दिवाणी कोर्टात दोन घरं, एक जमीन, दोन दुकानं आणि जंगम मालमत्ता यांत 7/24 हिस्सा मागितला. पतीच्या मृत्यूच्या क्षणभर आधी वाटणी झाली असं मानायचं, तर आपल्याकडच्या शास्त्राप्रमाणे बाप आणि मुलगे वाटणी करतात तेव्हा आईलाही मुलाइतका हिस्सा मिळतो. म्हणजे पती, पत्नी, दोन मुलगे, प्रत्येकी चौथाई. पतीच्या चौथाईचे सहा वारसांत सहा भाग, प्रत्येकी चोविसावा. हिराबाईंचा चौथाई म्हणजे 6/24, अधिक हा 1/24, एकूण 7/24.

सांगलीच्या कोर्टाने त्यांना 1/24 दिला. कारण मुंबई उच्च न्यायालयाचा शिरमाबाई प्रकरणातला निकाल तेव्हा समोर होता, आणि त्याप्रमाणे ती मानलेली वाटणी फक्त मयताचा हिस्सा काढण्यापुरती धरायची होती. पुढे उच्च न्यायालयानेच रंगूबाई प्रकरणात त्या मतापासून फारकत घेतली आणि हिराबाईंना 7/24 दिला. 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयात सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांनी तो कायम केला. कायद्याने वाटणी झाली असं समजायला सांगितलं असेल तर तिच्याबरोबर येणारे सगळे परिणामही समजायला हवेत, वाटणी मानायची आणि बायकोचा वाटा तेवढा मानायचा नाही हे चालणार नाही, असं त्यांचं म्हणणं. कलम एकच, हकीकत एकच, आणि एका विधवेचा हिस्सा सातपट झाला. कलमातली कल्पना शेवटपर्यंत नेऊन वाचली म्हणून झाला.

या गोष्टीचा पुढचा भाग फारसा कुणी सांगत नाही, आणि माझ्या मते तोच जास्त शिकण्यासारखा आहे. मगदूम निकाल आल्यावर त्याचंही सूत्र झालं. 1985 मध्ये 'महाराष्ट्र राज्य विरुद्ध नारायणराव देशमुख' हे कमाल जमीन धारणेचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आलं. कुटुंबप्रमुख वारल्यावर मानलेली वाटणी झाली, म्हणजे घरातल्या बायका त्या दिवसापासून एकत्र कुटुंबातून वेगळ्या झाल्या, म्हणून त्यांची जमीन वेगळी मोजा, असा दावा होता. न्यायालयाने मगदूम निकालाची हकीकत पुन्हा उघडली. तिथे एका विधवेने स्वतः वाटणी मागितली होती आणि तिचा हिस्सा किती एवढाच प्रश्न होता. त्यावरून, न मागताच प्रत्येक बाई कुटुंबाबाहेर गेली, असा अर्थ निघत नाही, असं सांगितलं. पूर्वनिर्णय न मोडता, त्याला त्याच्या हकीकतीच्या कुंपणात ठेवून हे केलं. हे काम करायला सर्वोच्च न्यायालयाचीच खुर्ची लागत नाही. दाखल झालेल्या निकालात पक्षकार कोण होते, मागणी काय होती, प्रश्न कोणता ठरला, आणि माझ्यासमोरच्या दाव्यात यातलं काय सारखं आणि काय वेगळं आहे, हे तालुक्याच्या न्यायाधीशालाही लिहिता येतं. अनुच्छेद 141 त्याच्या आड येत नाही. किंबहुना ते लिहिल्याशिवाय तो अनुच्छेद पाळला गेला की नाही, हे कुणाला कळणार?

तुमच्या कामाचा बोजा मला दिसतो. माझ्या कोर्टाच्या बोर्डावर रोज ऐंशी-नव्वद प्रकरणं असतात. दुपारनंतर साक्षी नोंदवायच्या, संध्याकाळी निकाल सांगायचे, रात्री घरी टंकलेखन तपासायचं. त्यात आम्ही वकील युक्तिवादाच्या दिवशी वीस-वीस निकालांची चळत आणून ठेवतो, त्यातले निम्मे आम्हीच वाचलेले नसतात. हेडनोट लिहिणारा संपादक असतो, न्यायमूर्ती नसतात, हे माहीत असून आम्ही तिच्याखाली लाल रेघ ओढून देतो. दोष आधी आमचा आहे.

तरीही दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 20 नियम 4 मध्ये निकालपत्रात 'कारणं' असावीत असं लिहिलं आहे, आणि पूर्वनिर्णयाचं नुसतं नाव हे कारण होऊ शकत नाही. माझी विनंती आहे, की वाटपाच्या दाव्यात निदान एवढं व्हावं: आधी कलमाचे शब्द, मग ज्या निकालावर भिस्त ठेवली त्याची चार वाक्यांत हकीकत, मग आपल्या दाव्याशी तिचा सांधा. आणि हे मराठीत. आपल्या न्यायालयांची भाषा मराठी आहे, आणि आक्कांसारख्या सातवीपर्यंत शिकलेल्या बाईला मराठीत लिहिलेला हिशेब कळतो. शेतीचा हिस्सा पै-आण्यात मोजणाऱ्या घरात त्या वाढल्या, चोविसातले सात त्यांना माझ्याआधी कळले असते.

अजून एक मागणं आहे, ते मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. जिथे वरच्या न्यायालयाचे दोन निकाल एकमेकांशी भांडत असतील, तिथे तुम्ही एक पाळालच, पाळावाच लागेल. पण दुसऱ्या वाचनाप्रमाणे हिस्से किती झाले असते, याचाही निष्कर्ष नोंदवून ठेवावा. नऊ सहदायाद, तीन पिढ्या, मधे दोघे मयत, असा कुटुंबवृक्ष असला की हिश्श्यांसाठीच अपिलात वर्षं जातात. पर्यायी आकडे खाली नोंदलेले असले तर वर कायद्याचा अर्थ बदलताच हुकूमनामा त्याच दिवशी दुरुस्त होऊ शकतो. 2016 मध्ये हे मी मागायला हवं होतं. तेव्हा मला सुचलं नाही.

विनीता शर्मा निकालाने सगळं मिटलं असंही नाही. पुढच्या महिन्यात तुमच्यापैकी एका न्यायाधीशांपुढे माझा वाटपाचा दावा युक्तिवादाला आहे. वडील 1998 मध्ये वारलेले. भावांचा बचाव असा, की 1996 मध्येच घरात तोंडी वाटणी झाली होती, आणि पुरावा म्हणून एक फेरफार नोंद आणि तिघा भावांचे वेगळे झालेले सातबारे. विनीता शर्मा निकाल म्हणतो, की तोंडी वाटणीचा बचाव सहसा मान्य करू नये, मात्र अपवादात्मक प्रकरणात सरकारी दस्तऐवजांचा भक्कम आधार असेल आणि हुकूमनाम्याने व्हावी तशी ती वाटणी शेवटास गेलेली दिसत असेल, तर मान्य करता येईल. भावांचे वकील आणि मी, दोघंही तोच निकाल दाखल करणार आहोत, तोच परिच्छेद दाखवणार आहोत. माझ्या यादीसोबत या वेळी एक जादा कागद असेल: त्या निकालाची हकीकत, कलम 6 मधले वाटणीच्या व्याख्येचे शब्द आणि आमच्या गावचा फेरफार, तिन्ही एका पानावर, मराठीत. समोरच्या वकिलांनाही मी तसाच कागद देण्याची विनंती केली आहे आणि ते तयार आहेत. तो फेरफार त्या अपवादात बसतो की बसत नाही, ते तुम्ही ठरवायचं आहे. जे ठरवाल ते का ठरवलं, हे त्या दोन बहिणींना आणि तिघा भावांना ओसरीवर बसून एकमेकांना वाचून दाखवता येईल असं लिहा.

आपली नम्र,
तालुका न्यायालयातली एक वकील